हातभर पलीकडे

रस्ता तसा फार लांब नव्हता. वरच्या टोकाला पाण्याची टाकी, खालच्या टोकाला बंद पडलेला छापखाना, आणि मधल्या उतारावर दाटीवाटीने उभी राहिलेली घरं-दुकानं. पण त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना सकाळी घड्याळ बघावं लागत नसे. सहाच्या ठोक्याला टाकीपाशी खराट्याचा पहिला फराटा उमटे. पावणेसातला तो आवाज शिंप्याच्या पायरीखाली येई, सव्वासातला न्हाव्याच्या दारात, आणि आठला पाच मिनिटं कमी असताना छापखान्याच्या भिंतीशी जाऊन थांबे. शिंप्याची बायको त्या आवाजावर दूध तापत ठेवी. शाळेत जाणारी पोरं अंथरुणातूनच कान लावत आणि "अजून न्हाव्यापाशीच आहे" म्हणून कूस बदलत. एकतीस वर्षं असं चाललं होतं. त्यामुळे झाडणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव असेल हे लोक विसरूनच गेले. सगळे त्याला घड्याळकाका म्हणत, आणि तोही त्या हाकेला अशी ओ देई, की जणू आईबापांनीच ते नाव ठेवलं असावं.

त्या नावाचा त्याला अभिमान होता. पुढे जे घडलं ते त्या अभिमानापायीच घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

खराटा कसा धरावा हे त्याच्याकडून शिकावं. नवशिका माणूस खराटा दाबतो, आणि दाबला की धूळ उडते, डोळ्यात जाते, समोरच्याच्या दारात जाऊन बसते. घड्याळकाका खराटा ओढायचा. ओढला की धूळ ऐकते. जुन्या सुती धोतराची पट्टी दांड्याला गुंडाळलेली, कमरेला पाण्याची बाटली, खांद्यावर एक ओलं पोतं. पोतं कशाला, असं कुणी विचारलं तर तो सांगे, "काचेसाठी. काच खराट्याला सापडत नाही. तिच्यावर पाणी शिंपडायचं आणि पोतं दाबायचं. काच पोत्याला चिकटते, माणसाला चिकटत नाही."

पण रस्ता त्याच्या एकट्याचा नव्हता. रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या रंगाची एक जुनी रेघ होती. टाकीकडून बघितलं तर रेघेच्या डावीकडची बाजू त्याची, उजवीकडची ताईची.

ताई त्याच्याहून दहाएक वर्षांनी लहान, पण नवरा गेल्यावर खराटा हाती घेऊन ती पहिल्यांदा हजेरीच्या चौकीवर आली, तेव्हा तिची मान इतकी ताठ होती, की त्याच्या तोंडून आपोआप 'ताई' निघालं. ती त्याला 'भाऊ' म्हणू लागली. पहिल्याच आठवड्यात तिने त्याला रस्त्याच्या मधोमध उभं केलं.

"भाऊ, तुम्ही रेघेपर्यंत झाडता. मी रेघेपर्यंत झाडते. मग रेघेवर ही जी धुळीची शेंडी राहते, ती कुणाची?"

"ती साहेबांची," तो म्हणाला.

"मग बोलवा साहेबांना. नाहीतर असं करू. तुम्ही हातभर माझ्याकडे या, मी हातभर तुमच्याकडे येते."

"आणि कचरा?"

"तो ज्याने त्याने आपल्याकडे ओढायचा. पलीकडे जायचं ते आणायला जायचं, टाकायला नाही."

सतरा वर्षं हा नेम चालला. दोघांचे खराटे रेघ ओलांडून एकमेकांच्या हद्दीत हातभर जात आणि कचरा घेऊन परत येत. एवढ्या साध्या गोष्टीने रस्त्याचा मध्य असा लख्ख राहायचा, की रेघ नवी मारली की काय असं वाटावं. ताईच्या खराट्याची एक चाल होती. दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. डोळे मिटून ऐकलं तरी कळायचं, ताई शिंप्यापाशी आहे की दवाखान्यापाशी.

ताईला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. आणि तो आवाज अजून येत होता.

सकाळी सहाला तो टाकीपाशी उभा राही. धुकं किंवा नुसतंच फिकट उजाडलेलं. पहिला फराटा ओढला, दुसरा ओढला, की पलीकडच्या बाजूने, त्याच्या जरा मागून, सुरू होई. दोन आखूड, एक लांब. तो हात थांबवी. मग तोही आवाज थांबे. मान वळवून बघावं तर उजवी बाजू रिकामी, दिव्याच्या खांबाखाली एखादं कुत्रं पाय चाटत बसलेलं. पुन्हा खराटा ओढला की पुन्हा सुरू. भीती अशी वाटत नसे. कुणी दारावर टकटक करावी, आपण दार उघडू नये, आणि त्याने रागावूनही जाऊ नये, तसं काहीतरी वाटे.

ताईच्या जागी आधी बदली माणसं आली आणि गेली. आठ महिन्यांपूर्वी तिच्या मुलीला ती जागा मिळाली. पोरगी तेवीस वर्षांची, आईसारखीच ताठ मानेची. तिच्या खराट्याची चाल वेगळी होती, सगळे फटके एकसारखे, लांब लांब. पहिल्याच दिवशी ती रेघेपाशी येऊन म्हणाली, "काका, आई सांगायची, हातभर पलीकडे जायचं. बरोबर ना?"

"बरोबर," तो म्हणाला, आणि त्याने खाली बघितलं.

तेव्हापासून समोरासमोर दोन खराटे चालत, आणि त्याला तीन ऐकू येत.

पोरगी त्याच्याशी चांगली होती. डब्यातलं काही असलं तर अर्धं त्याला देई, पाय दुखतो का विचारी, चहावाल्याने फार दुधाचा चहा दिला तर काकांच्या वतीने भांडे. सगळं विचारी. एकच गोष्ट विचारत नसे. आपल्या आईच्या टाचेत काच कशी गेली, हे तिने आठ महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. तिने विचारलं असतं तर त्याने काहीतरी ठोकून दिलं असतं. पण ती विचारत नव्हती, आणि न विचारलेला प्रश्न रोज सकाळी खराटा घेऊन समोरून चालत यायचा.

दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस असा होता.

आदल्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती. बायकोने कुठलीशी गोळी दिली. त्या गोळीने दाढ थांबली आणि माणूसही थांबला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला उशिरा जाग आली. धापा टाकत तो टाकीपाशी पोचला तेव्हा सात वाजायला आले होते. हजेरीच्या वेळी मुकादमाने त्याचं नाव घेतलं, तेव्हा ताईने सांगून टाकलं होतं, "पुढे गेलेत ते, खराटा बांधतायत." त्याला बघून ती हसली. "आज शिंप्याचं दूध नासलं असेल हो. आवरा लवकर, आठला मुकादम येणार."

आठला मुकादम छापखान्यापाशी वही घेऊन उभा राहायचा. आणि त्या एकोणतीस वर्षांत त्याला कधी वाट बघावी लागली नव्हती. घड्याळकाकाने दातओठ खाऊन उतार धरला. न्हाव्याच्या दारात पोचला तेव्हा आठाला बारा मिनिटं कमी होती, आणि तिथे रस्त्यावर आरसा फुटलेला होता. न्हावी जुना आरसा बदलत होता, हातून सटकला. मोठे तुकडे, मधले तुकडे, आणि मिठासारखा चुरा. त्या सगळ्यांत आभाळाचे बारीक बारीक तुकडे पडलेले.

मोठे तुकडे त्याने हाताने डब्यात भरले. चुऱ्यासाठी पाणी शिंपडायचं, पोतं दाबायचं, झटकायचं, पुन्हा दाबायचं. पाव तासाचं काम. पाव तास नव्हता. रेघेच्या पलीकडे लागूनच ताईने पानांचा ढीग करून ठेवला होता. ती कचऱ्याची गाडी आणायला वर गेली होती.

त्याने एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं, आणि एका लांब फटक्यात तो सगळा चुरा रेघेपलीकडे, तिच्या ढिगाखाली ढकलला.

ओढला नाही. ढकलला. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

ढीग कचरा उचलायच्या पत्र्यावरच जाईल, पत्र्यावरून गाडीत जाईल, कुणाचं काय बिघडतंय, असं त्याने मनाला सांगितलं. पण ढीग पत्र्यावर घेताना झाडणारे पायाने जरासा रेटा देतात. हे त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं, तोही तसाच द्यायचा. ताईच्या पायात साध्या चपला होत्या. खात्याने दिलेल्या बुटांचा तळ उकललेला होता, आणि नव्या बुटांसाठी तिने दोनदा अर्ज दिला होता.

"आई गं," एवढंच ती म्हणाली. खाली बसली. टाचेतून बोटाच्या पेराएवढा तुकडा ओढून काढला आणि तळहातावर धरला. त्यात तिला स्वतःचा डोळा दिसला असावा, कारण ती जराशी हसली.

"भाऊ, माझ्या ढिगात आरसा? माझ्या बाजूला तर न्हावी नाही."

"वाऱ्याने आला असेल," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं, मग दोघांमधल्या जमिनीकडे. जमिनीवर त्याचा तो लांब फटका स्वच्छ उमटलेला होता, धुळीची शेपटी रेघ ओलांडून तिच्या ढिगाकडे गेलेली. झाडणाऱ्या माणसाला खराट्याचा ओरखडा वाचता येतो, जसा तलाठ्याला कागद. ताई टाचेला फडकं बांधून उठली, तुकडा त्याच्या हातावर ठेवून म्हणाली, "टाका तुमच्या डब्यात." आणि मग तिने खराटा घेतला आणि दोन आखूड, एक लांब अशा तीन फटक्यांत ती खूण पुसून टाकली. तोवर मुकादम खालून येताना दिसू लागला होता.

तिने खूण ओळखून पुसली, की नुसतीच सवयीने झाडली? दोन वर्षं तो हेच स्वतःला विचारत होता.

आठव्या दिवशी सकाळी तिचा जबडा आखडला. धनुर्वात. अकराव्या दिवशी ती गेली. मुकादमाने वहीत लिहिलं, 'बूट न वापरल्याने, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू.' आणि दर सोमवारी हजेरीनंतर तो बोट वर करून सगळ्यांना सांगू लागला, "बूट घाला. नाहीतर ताईसारखं होईल. एवढी जुनी बाई, आपल्याच बाजूची काच दिसली नाही." आठ महिन्यांपासून ते ऐकायला रांगेत तिची मुलगीही उभी असे, दोन्ही हात खराट्याच्या दांड्यावर ठेवून, समोर बघत.

एका शनिवारी मुकादमाने नवीन गोष्ट काढली. मुकादम मनाने वाईट नव्हता, पण त्याला फलक फार आवडायचे. चौकीच्या भिंतीवर 'रस्ता आपला, कचरा कुणाचा?' असा एक फलक आधीच होता, आणि त्याच्याच खाली चहावाला रोज कप टाकायचा.

"सोमवारपासून सुरक्षा सप्ताह आहे," तो म्हणाला. "मोठा फलक लावायचा. वर लिहायचं, निष्काळजीपणा जिवावर बेततो. खाली ताईंचा फोटो. खरा माणूस दिसला की लोकांना पटतं." मग तो पोरीकडे वळला. "फोटो आहे ना घरी? सोमवारी आण."

पोरगी म्हणाली, "बघते."

त्या दिवशी न्हाव्यासमोर पोचल्यावर ती रेघेपाशी उभी राहिली. "काका, फोटो एकच आहे. शिंप्याच्या मुलाने टाकीपाशी काढलेला. त्यात आईच्या शेजारी तुमचा हात आलाय, खराट्यासकट. फलकावर लावायचा तर हात कापावा लागेल." तिने त्याच्याकडे बघितलं. "कापू का?"

तेवढ्यात न्हावी दारात येऊन ओरडला, "काय घड्याळ, आज काटे अडकले का?" आणि तो पुढे सरकला.

घरी बायको भांडी पुसत होती. त्याने पाय धुतले आणि खाली बसला.

"एक सांगू का?" ती पाठमोरीच म्हणाली. "झोपेत तुमचा हात हलतो."

"सवय आहे."

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हटलं, एवढी वर्षं झाडतायत, गादी झाडत असतील. गादी झाडली तर बरंच आहे की. पण दोन वर्षं बघतेय मी. झाडताना हात पुढे जातो आणि मागे येतो. तुमचा नुसता पुढे जातो. मागे येतच नाही."

त्याने उजवा हात मांडीखाली घेतला.

"मी विचारत नाहीये," ती म्हणाली. "विचारलं तर खोटं बोलाल, आणि मग ते खोटंही मलाच सांभाळावं लागेल. त्या तंबाखूच्या डबीत काय आहे तेही विचारत नाही. तंबाखू सोडून तुम्हाला नऊ वर्षं झाली."

रविवार त्याने उंबऱ्यात बसून घालवला. जेवला नाही म्हणावं तर जेवला, बोलला नाही म्हणावं तर बोललाही. पण कान रस्त्याकडे होते. घर त्या रस्त्यापासून पाऊण कोस, आणि तरी दुपारच्या शांततेत त्याला ऐकू येत होतं. दोन आखूड, एक लांब. इतके दिवस तो आवाज फक्त कामाच्या वेळी यायचा. आता घरापर्यंत आला होता.

सोमवारी सकाळी चौकीत सगळे रांगेत उभे होते. भिंतीवर फलक टेकून ठेवलेला. लाल अक्षरं, खाली फोटोपुरती चौकोनी जागा. मुकादमाने हात पुढे केला. पोरीने पिशवीतून फोटो काढला. कापलेला नव्हता. ताई टाकीसमोर उभी, आणि कडेला एक हात, खराटा धरलेला.

"हा कुणाचा हात?" मुकादम म्हणाला. "हा कापावा लागेल."

"माझा आहे," घड्याळकाका म्हणाला.

तो रांगेतून पुढे आला. खिशातून डबी काढली, उघडली आणि मुकादमाच्या टेबलावर पालथी केली. आरशाचा तुकडा टेबलावर पडून जरा फिरला आणि थांबला. त्याच्या एका कडेला तपकिरी डाग होता.

"ही काच ताईच्या बाजूची नव्हती," तो म्हणाला. "न्हाव्याच्या दारातली. माझ्या बाजूची. त्या दिवशी मला उशीर झाला होता. पोत्याने टिपायला वेळ नव्हता, म्हणून मी ती रेघेपलीकडे ढकलली. तिच्या ढिगाखाली. तिला दिसायचं काही कारणच नव्हतं. तिच्या बाजूला काच नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं."

झाडणाऱ्यांत शिव्या पुष्कळ आहेत, पण 'पलीकडे ढकलणारा' ही त्यांतली सगळ्यात वाईट. ती कुणी दिली नाही. तो स्वतःच देऊन बसला होता.

मुकादमाने चष्मा काढला. "दोन वर्षं काय तोंडात गुळणी धरून बसला होतात?"

"होय."

"आता हे मी वहीत कुठल्या रकान्यात लिहू?"

"कुठेही लिहा. माझी बदली करा, मला घरी बसवा. पण तिच्या नावापुढचा तो शब्द काढा."

"शाईने लिहिलेलं काढता येत नाही. खाली नवीन लिहावं लागतं."

"मग खाली लिहा."

तेव्हा पोरगी पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही. "बुटांचंही लिहा साहेब. दोन अर्ज दिले होते आईने. दोन्हींच्या प्रती आहेत माझ्याकडे, तुमच्या सहीच्या."

मुकादमाने तिच्याकडे बघितलं, मग फलकाकडे, मग बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे. शेवटी त्याने वही ओढली आणि लिहायला लागला. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. चौकशी होईल म्हणाला, तोवर सगळ्यांनी आपापल्या रस्त्याला लागावं. पोरीने फोटो उचलला, पिशवीत ठेवला. फलक भिंतीला टेकलेलाच राहिला, खालची चौकोनी जागा कोरी.

टाकीपर्यंत दोघं बरोबर चालत गेले, कारण वाट एकच होती. त्याने दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा 'पोरी' एवढं निघालं.

"थांबा," ती म्हणाली. "मला एकदाच सांगू दे. दवाखान्यात, तोंड पुरतं मिटायच्या आधी, आई मला म्हणाली, भाऊंना काही विचारू नकोस. ते आपणहून सांगतील. मी म्हटलं, काय सांगतील? तर म्हणाली, ते सांगतील तेव्हा कळेल." तिने खराटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आठ महिने तुमच्यासमोर झाडलं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगतील. एखाद्या दिवशी वाटायचं, विचारून टाकावं. पण तिचं बोलणं खोटं पाडायला मन होत नव्हतं."

तो उभाच राहिला. म्हणजे ताईने खूण ओळखून पुसली होती.

"तिने तुम्हाला माफ केलं असेल," पोरगी म्हणाली. "तिचं ती जाणे. मला अजून जमलेलं नाही. जमेल की नाही, तेही माहीत नाही." आणि ती उजव्या बाजूला निघून गेली.

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. अजून आवाज कसा आला नाही म्हणून शिंप्याची बायको टाकीपर्यंत चढून आली होती. "काय काका, बरं नाही का? दूध ठेवायचं राहिलं माझं."

"आता आवाजावर ठेवू नका," तो म्हणाला. "घड्याळ घ्या एखादं."

त्याने खराटा ओढला. एक फटका, दुसरा फटका. मग कान दिला. समोरून पोरीचा खराटा येत होता, लांब, एकसारखा. त्याच्याखाली दुसरा आवाज नव्हता. त्याने हात थांबवला, पुन्हा चालवला, पुन्हा थांबवला. टाकीपासून शिंप्यापर्यंत, शिंप्यापासून दवाखान्यापर्यंत त्याने वाट बघितली. दोन वर्षं ज्या आवाजाने त्याची पाठ सोडली नव्हती, तो गेला होता. टकटक थांबली होती. दार उघडलं तेव्हा बाहेर कुणीच उरलं नव्हतं, आणि रस्ता इतका मोकळा, इतका मुका त्याला कधी वाटला नव्हता.

न्हाव्याच्या दारात तो नेहमीप्रमाणे रेघेपाशी आला. समोरून पोरीचा खराटा आला आणि बरोबर रेघेवर थांबला. हातभर पुढे आला नाही. तिने कचरा आपल्याकडे ओढला आणि ती मागे वळली.

तो रेघेपलीकडे हातभर गेला आणि तिथलं आपल्याकडे घेऊन आला. मग वळून आपल्याच बाजूची ती हातभर पट्टी, जी सतरा वर्षं ताईने आणि आठ महिने तिच्या पोरीने झाडली होती, तीही त्याने झाडली. मग खाली बसला. बाटलीतलं पाणी रेघेवर शिंपडलं, खांद्यावरचं पोतं उतरवलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं. उचलून उजेडात बघितलं. नुसती धूळ होती. जरा पुढे सरकून पुन्हा दाबलं.

न्हावी दारात उभा होता. काहीतरी थट्टा त्याच्या ओठावर आली होती, ती त्याने गिळली.

"गाडी आणू का?" पलीकडून पोरीने विचारलं.

"आण," तो म्हणाला.

तिच्या वाक्यात 'काका' नव्हतं. पोतं तसंच दाबून धरून तो क्षणभर थांबला, तो शब्द मागून येतोय का बघत. गाडीची चाकं उतारावरून करकरत आली. त्याने पोतं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि आपला ढीग पत्र्यावर घेतला. पायाने रेटा न देता, हाताने.

छापखान्याच्या भिंतीशी दोघं पोचले, तेव्हा आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.